कडीच्या वर गेलेली रेघ

नाना, तुझ्यावर माझा संशय आहे, आणि तू गेलास म्हणून तो तिळभरही कमी झालेला नाही. तेरावं झालं, माणसं पांगली, तुझा पंकज सुरतेला परत गेला, मी जळगावला आले आणि क्लिनिकचं शटर वर केलं. समोर ती भिंत. तू चिकटवायला लावलेला खाकी कागद तसाच आहे. त्यावर तुझ्या उजव्या हाताने ओढलेल्या कोळशाच्या रेघा, खालून निघून वर वळलेल्या, एकीवर एक, बऱ्याचशा जवळजवळ एकाच उंचीला येऊन थांबलेल्या. आणि त्यांना खाली सोडून एकटीच वर निघून गेलेली ती शेवटची रेघ. ती खरी आहे की तू मला फसवलंस, एवढंच मला विचारायचंय. तू समोर होतास तेव्हाही विचारलं होतं. तेव्हा तू चहा मागितलास.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी हे मिटू दे.

मी संशयी आहे हे तू अख्ख्या धुळ्याला सांगून ठेवलं होतंस. "आमच्या निमाला कुणी प्रसाद दिला तरी ती आधी वास घेईल," असं माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर म्हणालास. पण नाना, माझा धंदाच तसा आहे. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईने पेशंटवर विश्वास ठेवला तर तिने दुकान बंद करावं. "व्यायाम रोज करता ना?" "रोज करतो बाई." कुणी करत नाही. आणि हात वर करायला सांगितला की जो तो चलाखी करतो. खांदा उचलत नसेल तर माणूस मागे रेलतो, कंबर पुढे काढतो, टाचा उचलतो आणि म्हणतो, बघा, गेला की नाही वर. हात गेलेला नसतो, माणूस गेलेला असतो. आमच्या पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. मी त्याला अंगचोरी म्हणते.

या शब्दावरून आपलं पहिलं भांडण झालं होतं, आठवतं? तू म्हणालास, शब्द चुकला. अंग चोरणं म्हणजे असलेली ताकद न लावणं, कामात हात आखडता घेणं. ही माणसं तर नसलेली ताकद दाखवतात, त्यांना चोर कसं म्हणतेस? मी म्हटलं, तू चित्रकलेचा मास्तर, भाषेचा नाहीस, गप बस आणि हात वर कर. तू हात वर केला नाहीस. करता येतच नव्हता.

दिवाळी सरता सरता तुला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाचलं. तुझं तोंड वाचलं ही देवाची कृपा होती की मला शिक्षा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दवाखान्यातून सोडल्यावर मी तुला धुळ्याहून सरळ इकडे आणलं. पंकज गाडी चालवत होता, तू मागच्या सीटवर. वहिनी गेल्यापासून तू एकटा, माझे हे गेल्यापासून मीही वरच्या मजल्यावर एकटी, खाली क्लिनिक. सोयीचंच होतं. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा तू डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवलास, दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा, आणि म्हणालास, "बहिणीकडे राहायला निघालोय. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, पेशंट म्हणून निघालायस, बहिणीकडे नाही. तेव्हा कुठे तू चहा घेतलास.

भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम मी तुला दिला. लहान मुलांच्या शिडीसारखी पट्टी असते, तिच्यावर बोटं एकेक पायरी सरकवायची. दोन दिवस केलास आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या पेशंटसमोर संप पुकारलास. "मी काय पाल शे का, भिंतीवर चढाले?" घरी आपण दोघं अहिराणीच बोलायचो, पण क्लिनिकमध्येही तू तीच काढायचास, मुद्दाम, मला चिडवायला. मग म्हणालास, "बठ्ठा हात मावी इतला मोठा कागद दे." अख्खा हात मावेल एवढा. मला वाटलं व्यायाम टाळायची युक्ती आहे. तरी आमच्या एका पेशंटचं, त्या मारवाडी शेटजींचं पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे, तिथून खाकी कागदाचा रोल आणला. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत चिकटवला. तुझी बोटं काही धरत नव्हती, म्हणून कोळशाची कांडी मी क्रेप बँडेजने तुझ्या मुठीला बाहेरून बांधली. तू उजवी बाजू भिंतीला लावून उभा राहिलास. डोळे मिटलेस. आणि हात पुढे उचलायला लागलास.

खर्र असा आवाज झाला. रेघ मांडीपासून निघाली, जेमतेम पुढे सरकली आणि पडली. हात खाली लोंबला. तू डोळे उघडून त्या वीतभर रेघेकडे असं पाहिलंस, जसं वर्गातल्या एखाद्या पोराने पहिल्यांदा काहीतरी बरं काढलंय. मला तेव्हाच शंका आली की हा माणूस बरा व्हायला आलेला नाही, चित्रं काढायला आलाय.

पण खरं सांगू का, मला मजा यायला लागली. पंचवीस एक वर्षं मी खांदे बघतेय, खांदा काय करतो ते मला कुणी असं काढून दाखवलं नव्हतं. तू म्हणालास, खांदा म्हणजे कर्कटकाचं टोक, हात म्हणजे त्याचा पाय, आणि रेघ म्हणजे कंस. शाळेत तू पोरांना हेच शिकवायचास, फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचं तर मनगटाने काढू नका, खांद्याने काढा. मी म्हटलं, नाना, इथेच तुझी चूक आहे. कर्कटकाचं टोक जागेवर राहतं, खांदा राहत नाही. हात अर्ध्याच्या वर गेला की पाठीवरचं पातं फिरतं, खांदाच वर सरकतो. त्यामुळे माणसाच्या हाताने काढलेलं वर्तुळ वर जाता जाता थोडं लांबतं, अंड्यासारखं होतं. तू खुर्चीवर बसून डाव्या हाताने हवेत एक वर्तुळ काढून पाहिलंस. मग म्हणालास, "म्हणजे जल्मभर मी पोरांना गोल गोल म्हणून अंडी काढायला लावली?" आणि इतका हसलास की बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले.

मग तुला थांबवणार कोण. एका दुपारी क्लिनिक बंद असताना तू मला जमिनीवर कागद पसरायला लावलास, दोन्ही हातांना कोळसा बांधायला लावलास आणि उताणा झोपून हात बाजूने वरखाली केलेस. उठवून बसवलं तेव्हा कागदावर दोन पंख होते, डावा दारापर्यंत पसरलेला, उजवा कोंबडीच्या पिल्लाएवढा. तू म्हणालास, असं पाखरू उडालं तर जागच्या जागी गोल फिरत राहील. मी उजव्या पंखाचा कोन मोजला, तू म्हणालास मोजू नको. मी म्हटलं हे माप आहे. तू म्हणालास हे चित्र आहे. ते भांडण आपलं मिटलंच नाही. मी रेघांच्या टोकाशी पेन्सिलने तारीख आणि अंश लिहायची, तू माझी पाठ वळली की पावाचा तुकडा घेऊन ते पुसून टाकायचास. पाव कशाला लागतो रोज, असं मी स्वयंपाकाच्या बाईला विचारत होते. तिच्यावरही संशय घेतला मी.

एक गोष्ट मात्र तू मला करू दिलीस, ती कडीची खूण.

धुळ्याच्या तुझ्या घराच्या दाराला आतून कडी आहे ती पार वर, चौकटीच्या डोक्याशी. वहिनी त्या कडीला कायम शिव्या घालायची. मी म्हटलं, नाना, आपला करार. तुझा उजवा हात त्या कडीपर्यंत पोचला की तू बरा झालास, मग खुशाल धुळ्याला जा, मी अडवणार नाही. तोवर इथून हलायचं नाही. सुरतेला जाताना धुळ्याला थांबलेल्या पंकजला मोजायला लावून ती उंची मागवली आणि कागदावर लाल खडूने आडवी खूण केली. तू ती पाहिलीस, मान हलवलीस. दर रविवारी सकाळी, क्लिनिक बंद असताना, एक मोठी रेघ काढायची असं ठरलं. उभं राहायची जागा फरशीवर खडूने आखली. खांद्याच्या जागी भिंतीवर ठिपका करायचा हा माझा हट्ट, तो तू चालवून घेतलास.

सुरुवातीला रेघ दर रविवारी वर सरकत गेली. संक्रांतीपर्यंत तर मी लोकांना बोलावून दाखवत होते. शेटजी बघून म्हणाले, "बाई, ये तो केले के पत्ते लगते हैं." खरंच, एकाच बुंध्यातून निघालेली पानं असावीत तशा दिसायच्या. आणि मग रेघ अडली. लाल खुणेच्या चार बोटं खाली. पुढच्या रविवारी तिथेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तिथेच.

मी काय काय केलं, तुला माहीत आहे. व्यायाम बदलले, शेक बदलला, पुस्तकं काढली, नाशिकला माझ्या जुन्या मॅडमना फोन केला. मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला. सख्ख्या भावाचा खांदा चार बोटं वर नेता येत नाही, आणि मी लोकांना काय बरं करतेय? तुला विचारलं, दुखतं का? "नही." मग अडतं कुठे? "अडतंय खरं," असं म्हणून तू वर जायचास. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचास. येणाऱ्याजाणाऱ्या पेशंटना थांबवून कुबडी कशी धरावी ते शिकवायचास. चित्रकलेचा मास्तर. रात्री भरीत केलं की तिखट कमी आहे म्हणायचास आणि दोनदा वाढून घ्यायचास. आईच्या हाताची चव नाही म्हणायचास, मग पिंपळनेरच्या घरातली कुठलीतरी जुनी गोष्ट निघायची, आणि मी भांडी तशीच ठेवून ऐकत बसायची.

मग फाल्गुनात नाशिकहून माझ्या प्रियाचा फोन आला. बाळंतपणाची तारीख जवळ आली होती, सासूबाई आजारी, ती म्हणाली, आई तू ये. मी स्वयंपाकघरात उभं राहून हळू आवाजात बोलत होते. म्हटलं, नाना इथे असताना मी कशी येऊ गं? त्यांचा हात अजून कडीपर्यंत जात नाही. ती रडली. मीही रडले असेन. फोन ठेवून वळले तर तू जिन्याच्या तोंडाशी उभा होतास. किती ऐकलंस ते मला माहीत नाही. तू म्हणालास, "पानी देस का?"

त्यानंतरचा रविवार. मी वर दूध बघत होते. खाली आले तर तू खुर्चीवर बसलेला, कोळसा हाताला बांधलेला, अंगावर घाम, आणि भिंतीवर ती रेघ. लाल खुणेच्या वर. थोडीथोडकी नाही, वीतभर वर.

"देख, गई," तू म्हणालास.

बँडेज कुणी बांधलं, मी विचारलं. म्हणालास, दातांनी. मी म्हटलं, पुन्हा काढ, माझ्यासमोर. म्हणालास, लेखी पेपर झाला, आता तोंडी परीक्षा नाही. मी कोनमापक घेऊन आले तर म्हणालास, हात दमलाय, उद्या. मी म्हटलं, नाना, एका आठवड्यात कुणाचा खांदा इतका वर जात नाही. खरं सांग, मागे रेललास? टाचा उचलल्यास? अंग चोरलंस? तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं चिडशील. तू हसलास नुसता आणि म्हणालास, "संशय लेनं तुनं कामच शे. चहा टाक."

उद्या आला तोवर तू पंकजला फोन करून बोलावलं होतंस. बॅग भरली होतीस. आणि मी, जी दुधवाल्यावरही विश्वास ठेवत नाही, ती तुला गाडीत बसवून दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एसटीत चढले. प्रियाला मुलगा झाला. तुला फोटो पाठवला, तू फोनवर म्हणालास, नाक आपल्याकडचं आहे. कसा आहेस विचारलं की "मस्त शे". स्वयंपाक? "मस्त शे." हात? "मस्त शे." त्या प्रत्येक मस्तवर मला संशय होता, आणि प्रत्येक वेळी बाळ रडायला लागायचं.

मग तुझ्या शेजारच्या मावशींचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. सगळे म्हणाले, भाग्यवान. मी तिथे पोचले तेव्हा दार एका बिजागरीवर लटकत होतं. मावशींनी सांगितलं, सकाळी दूध घ्यायला उठले नाहीत, हाका मारल्या, शेवटी दार तोडावं लागलं, वरची कडी आतून लावलेली होती.

मी विचारलं, "कुठल्या हाताने लावली होती?"

मावशी डोळे पुसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, ते मी कसं सांगू?" पंकजने मला बाजूला घेतलं. पण नाना, मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. दहाव्याला मी पुन्हा विचारलं. ते चहा गाळताना कुठला हात वापरायचे? डबा कुठल्या हाताने उचलायचे? मावशी म्हणाल्या, आम्ही काय त्यांचे हात बघत बसलो होतो का. बायकांमध्ये कुजबूज झाली. म्हणोत. त्यांना काय माहीत मला काय खातंय ते. रेघ खोटी असेल तर तू बरा झालेलाच नव्हतास. मी मुलीकडे जावं म्हणून तू भिंतीवर मागे रेलून एक रेघ मारलीस, आणि न चालणारा हात घेऊन एकट्याने त्या घरात गॅस पेटवलास, आंघोळीचं पाणी उचललंस, मला मस्त शे सांगत राहिलास. तसं असेल तर माझा नातू ज्या दिवशी जन्मला त्या दिवसाकडे मी कशी बघू, सांग.

म्हणून मी कागद काढला नाही. पेशंट विचारतात, बाई, आता उतरवा. मी म्हणते, बघू.

परवा रावेरकडच्या एक अक्का आल्या. केळीच्या बागेत घसरून खांद्यावर पडल्या होत्या, हात धरलाय. तुझ्या पद्धतीने रेघ काढून घेतली, तुझ्या कागदाच्या बाजूलाच नवा कागद लावून. त्यांनी जीव लावून हात उचलला. अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि अडला. "मले नाही जमत वं बाई, इथीच अडतो." मी म्हटलं, अजून थोडा. त्यांनी अजून थोडा नेला. अक्का गेल्या आणि मी हात धुताना सहज त्या रेघेकडे पाहिलं. ती खालून स्वच्छ आली होती. शेवटच्या दोन बोटांत मात्र थरथरली होती, जाड झाली होती, कोळशाची भुकटी सांडली होती, आणि टोकाशी दोनतीन आडवेतिडवे फटकारे होते. ताकद संपते तिथे हात असाच भांडतो. याआधी मी टोकाची उंची तेवढी बघायची, टोक कधी बघितलंच नव्हतं.

मी तुझ्या शेवटच्या रेघेपाशी स्टूल घेऊन गेले. तिचं टोक थरथरलं होतं, नाना. अक्कांच्या रेघेपेक्षा जास्त. कोळसा दाबून मोडला होता, एक तुकडा कागदात रुतला होता. मागे रेलून काढलेली रेघ अशी नसते, ती फुकटची असते, सोपी असते. तरी माझं समाधान होईना, तुला माहीत आहे मी. शिवणाचा दोरा आणला. एक टोक खांद्याच्या ठिपक्यावर धरलं आणि दुसरं तुझ्या रेघेवरून फिरवत नेलं. तू मागे सरकला असतास, टाचा उचलल्या असत्यास, तर दोरा खालीच चुकला असता. तो बरोबर आला. वरच्या भागात थोडा कमी पडला, आणि तो कमी पडायलाच हवा होता. खांद्याचं पातं फिरून खांदा खरोखर वर गेला तरच तसा पडतो. ते अंडं होतं. खोट्याने असं अंडं काढता येत नाही, तुलाही नाही.

रेघ खरी होती. तुझा हात कडीच्या वर पोचला होता. मी स्टुलावरच बसले आणि रडले, बऱ्याच दिवसांनी रडले. तू उजव्या हाताने कडी लावलीस, उजव्या हाताने चहा गाळलास, मस्त होतास ते मस्तच होतास. आता तुझ्यावर संशय घ्यायचं काही कारण उरलं नाही असं वाटलं आणि खरं सांगते, त्याने बरं वाटायच्या ऐवजी एकदम मोकळं मोकळं, भकास वाटलं.

पण एका आठवड्यात खांदा वीतभर वर जात नाही, हेही खरंच ना? ते कुठे गेलं? म्हणून मी खालच्या रेघांकडे वळले. संक्रांतीपासूनच्या, लाल खुणेखाली चार बोटं थांबलेल्या, त्या सगळ्या. आणि त्यांची टोकं पाहिली.

एकही थरथरलेली नाही. एकही जाड नाही. प्रत्येक रेघ शेवटाला बारीक होत गेलीय, हलकी होत गेलीय आणि अलगद कागदावरून उचलली गेलीय, तू फळ्यावर पानाची शीर काढून दाखवायचास तशी. लकवा झालेल्या हाताची रेघ अशी संपत नाही. अशी रेघ संपवावी लागते. जमतंय अशा हाताने, ठरवून.

मी त्या रिकाम्या क्लिनिकमध्ये मोठ्याने म्हटलं, "अंगचोर." आणि मग मला कळलं की या खेपेला शब्द बरोबर होता. तुझ्याच अर्थाने बरोबर होता. मी सगळा वेळ चोरी शोधत होते ती वरच्या रेघेत, आणि तू चोरलं होतंस ते खालच्या सगळ्यांत. संक्रांतीलाच तुझा हात कडीपर्यंत जात होता. तू जाऊ दिला नाहीस. चार बोटं शिल्लक ठेवलीस, दर रविवारी, माझ्या देखत, डोळे मिटून, आणि मी पुस्तकं चाळत बसले.

का, ते मला विचारायची गरज पडली नाही. अक्षय्य तृतीया आलीय, नाना, आपली आखाजी. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी निघाल्यात, समोरच्यांच्या लिंबाला झोका बांधलाय. माझी आखाजी तू कधी चुकवली नाहीस, लग्नानंतर कितीतरी वर्षं स्वतः न्यायला यायचास. मी बॅग भरून दारात उभी असायची, कुणाला काही कारण सांगावं लागायचं नाही. बाईला माहेरी जायला सण आहे. भावाला बहिणीकडे राहावंसं वाटलं तर त्याला लकवा व्हावा लागतो. आणि तो बरा झाला की राहायचं निमित्तच संपतं, म्हणून त्याला तो पुरवून पुरवून वापरावा लागतो. प्रियाचा फोन आला नसता तर तू अजून किती रविवार पुरवले असतेस, कोण जाणे.

मला तुझा राग येतोय. एवढं तोंड वाचलं होतं तुझं. त्या तोंडाने तू भरिताला नावं ठेवलीस, माझ्या व्यायामाला नावं ठेवलीस, व्याह्यांसमोर मला संशयी म्हणालास. एकदा त्याच तोंडाने म्हणायचं होतंस, निमा, मला इथे राहायचंय. मी माझ्या हाताने ती लाल खूण पुसून छताला नेऊन ठेवली असती.